चंद्राला फिरायला कसे सांगावे?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



रेडिओवर चित्राविषयी बोलणे हे तसे अवघड काम. त्यातून चित्र हलणारे असेल, तर विचारूच नका. पण आजच्या विषयापुरती ही अडचण माझ्या पथ्यावरच पडणार आहे. कारण इंटरनेटवरची चित्रे हलवण्याच्या दोन पद्धतींपैकी एक अशी आहे, की तिच्यातले हलते चित्र मी तुम्हाला इथे माइकसमोर बसून चक्क वाचून दाखवू शकते. दुसरीतले वाचून दाखवले, तर तुम्ही रेडिओ बंद कराल.

सुरुवात एका फोनपासून करते. 2021 सालचा जानेवारी संपत आला होता. पाचवी ते आठवीचे वर्ग तेव्हा नुकतेच पुन्हा सुरू झाले होते. सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेतल्या सरांचा फोन आला. म्हणाले, ''ताई, तुमचा चंद्र गेला.'' मला काही कळेना. मग उलगडा झाला. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका शैक्षणिक संस्थेसाठी मी चंद्राच्या कलांचे हलते चित्र केले होते. डावीकडे सूर्य, मधोमध पृथ्वी, तिच्याभोवती फिरणारा चंद्र, आणि खाली 'अमावास्या', 'अष्टमी', 'पौर्णिमा' अशी उमटणारी नावे. संस्थेच्या संकेतस्थळावर ते होते आणि हे सर दर वर्षी मुलांना ते दाखवत. आता तिथे एक करडा चौकोन दिसत होता. बाकी काही नाही.

कारण साधे होते. ते चित्र फ्लॅशमध्ये केलेले होते. 31 डिसेंबर 2020 ला अ‍ॅडोबी कंपनीने फ्लॅशचा पाठिंबा थांबवला आणि 12 जानेवारी 2021 पासून फ्लॅशची चित्रे चालू होणेच बंद केले. एके काळी इंटरनेटवर जे जे म्हणून हलत होते, त्यातले बरेचसे फ्लॅशमध्ये होते. खेळ, जाहिराती, व्यंगचित्रे आणि शाळेसाठी केलेले ढीगभर साहित्य. फ्लॅशची फाइल ही बंद डबीसारखी असते. आत काय आहे ते त्या कंपनीच्या किल्लीनेच पाहायचे. किल्ली गेली, डबी राहिली. (पुढे रफल नावाचा एक मुक्त प्रकल्प आला, त्याने पुष्कळ जुन्या डब्या उघडून दिल्या. इंटरनेट अर्काइव्हने 2020 च्या नोव्हेंबरातच त्याच्या मदतीने जुने फ्लॅश-साहित्य जपायला घेतले होते. पण शाळेतल्या सरांना हे कुठून ठाऊक असणार?)

मराठीपुरते आणखी एक दुखणे होते. तेव्हाच्या फ्लॅशमध्ये देवनागरीची जोडाक्षरे धड जुळत नसत. म्हणून आम्ही शब्द टाइप करायचो आणि मग ते फोडून त्यांच्या नुसत्या आकृत्या करायचो. 'पौर्णिमा' हा शब्द दिसायचा खरा, पण संगणकाच्या लेखी तो शब्द नव्हताच. त्या नुसत्या काळ्या रेघा होत्या. शोधून सापडत नसे, दृष्टिहीन मुलांच्या संगणकाला वाचता येत नसे, आणि शुद्धलेखनाची चूक राहिली तर सगळे पुन्हा.

फोन ठेवला आणि मी जुन्या सीडींचा डबा काढला. मूळ फ्लॅशची फाइल मिळाली नाही. पण एक वेगळीच फाइल मिळाली. 2004 साली, फ्लॅशचे काम हाती घेण्याआधी, मी तोच चंद्र एसव्हीजी नावाच्या पद्धतीत करून पाहिला होता आणि बाजूला ठेवला होता. कारण तेव्हा तो पाहायला अ‍ॅडोबीचा एक वेगळा दर्शक संगणकावर बसवावा लागे आणि तो कोणाकडेच नसे. फाइल होती जेमतेम 4 किलोबाइटची. आजच्या ब्राउझरमध्ये उघडली, तर चंद्राऐवजी नुसता मजकूर दिसला. वरच्या ओळीत ही कोणत्या भाषेतली फाइल आहे ते सांगणारा एक पत्ता लागतो, तो मी तेव्हा लिहिलाच नव्हता. अ‍ॅडोबीचा दर्शक त्यावाचून चालवून घेई, आजचे ब्राउझर घेत नाहीत. मी तेवढी भर घातली. आणि सतरा वर्षांनी चंद्र फिरू लागला.

आता ही फाइल तुम्हाला वाचून दाखवते. अक्षरशः नाही, पण तिच्यात जे आहे तेच मराठीत सांगते.

'एक वर्तुळ आहे, त्याचे नाव पृथ्वी. दुसरे लहान वर्तुळ आहे, त्याचे नाव चंद्र. त्याचा डावा अर्धा भाग पांढरा, उजवा काळा. हा चंद्र अमुक गोल वाटेवरून 30 सेकंदांत एक फेरी करतो. फेऱ्या अगणित. पौर्णिमा हा शब्द आहे. तो एरवी दिसत नाही, फेरीच्या 15 व्या सेकंदाला दिसतो आणि एक सेकंद राहतो.'

संपले. फेरीला 30 सेकंद अशासाठी, की एका चांद्रमासाच्या तिथी 30. म्हणजे एक सेकंद ही एक तिथी. यात चंद्राला कसे हलवायचे याचा कुठेही उल्लेख नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. काय व्हायला हवे एवढेच लिहिले आहे. कसे ते ब्राउझरने बघायचे. हिला आपण वर्णनाची पद्धत म्हणू. अशा मजकुरात शब्दांच्या मागेपुढे कंसातल्या खुणा घालतात, म्हणून तिला खुणांची भाषा असेही म्हणतात.

दुसरी पद्धत हुकमाची. तिला स्क्रिप्ट म्हणतात. नाटक-सिनेमाची नव्हे, संगणकाला द्यायच्या आज्ञांची. तिच्यात तोच चंद्र असा लिहावा लागतो: 'घड्याळ बघ. सुरुवात होऊन किती वेळ झाला ते काढ. त्याला 30 सेकंदांनी भाग. बाकीवरून कोन काढ. कोनावरून साइन आणि कोसाइन काढ. त्यावरून चंद्र किती उजवीकडे आणि किती वर हे ठरव. त्याला तिथे ठेव. 15 वा सेकंद चालू असेल तर शब्द दाखव, नसेल तर लपव. आता पुन्हा घड्याळ बघ.' हे सेकंदाला साठ वेळा. म्हणजे प्रत्येक खेपेला सुमारे 16.7 मिलिसेकंद मिळतात, आणि तेवढ्या वेळात पानावरचे बाकीचे कामही व्हायचे असते.

आकाशवाणीत या दोन्ही पद्धती रोज नांदतात. दिवसाच्या कार्यक्रमांचा एक तक्ता असतो: सात वाजून पाच मिनिटांनी बातम्या, मग अमुक, मग तमुक. तो तक्ता म्हणजे वर्णन. आणि स्टुडिओत ड्यूटीवर बसलेला निवेदक म्हणजे स्क्रिप्ट. ध्वनिफीत तुटली, पाहुणे आले नाहीत, तर काय करायचे ते तक्ता सांगू शकत नाही. पण निवेदकाने रोज तक्त्याशिवाय काम करावे, असेही कोणी म्हणणार नाही.

खुणा लिहून पान हलवण्याची हौस वेबला फार लवकर लागली. नव्वदच्या दशकाच्या मध्याला नेटस्केपच्या ब्राउझरने 'ब्लिंक' ही खूण आणली. ती लावली की शब्द उघडझाप करी. नेटस्केपचे अभियंते लू माँटुली यांनी पुढे सांगितले आहे, की त्यांनी गप्पांत गमतीने काढलेला विषय कोणा सहकाऱ्याने रातोरात खरा करून टाकला. मायक्रोसॉफ्टने उत्तरादाखल 'मार्की' आणली. हिच्यामुळे शब्द उजवीकडून डावीकडे सरकत जातात. आपल्याकडच्या सरकारी आणि महाविद्यालयीन संकेतस्थळांवर 'प्रवेश सुरू आहेत' ही ओळ वर्षानुवर्षे अशीच सरकत आली आहे. ब्लिंक ही खूण फायरफॉक्सने 2013 साली काढून टाकली. मार्की मात्र, तिला मानकाने बाद ठरवले असले तरी, ब्राउझरांमध्ये अजून चालते. वाचणाऱ्याला ती किती सतावते हा भाग सोडा, पण लिहिणाऱ्याला एका शब्दात हालचाल मिळाली की तो ती सोडत नाही, हे तिने दाखवून दिले.

हुकमाच्या भाषेचा जन्मही त्याच वेळचा. 1995 साली नेटस्केपच्याच ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा लिहिला. सुरुवातीला त्यातून चित्र हलवायचे म्हणजे गजर लावून ठेवल्यासारखे असे: इतक्या मिलिसेकंदांनी मला उठव. गजर वेळेवर वाजेलच याची खात्री नसे. मी स्वतः तेव्हा एक चूक करीत असे, आणि ती करणारी मी एकटी नव्हते. वेळ न मोजता मी 'प्रत्येक गजराला चंद्र दोन ठिपके पुढे सरकव' असे लिहून टाकायची. परिणाम असा, की माझ्या संगणकावर चंद्र डौलात चाले आणि शाळेतल्या जुन्या संगणकावर रखडे. हीच चूक आज उलटी होते. नव्या फोनचे पडदे सेकंदाला 120 वेळा रंगतात. ज्याने 60 धरून हुकूम लिहिले, त्याचा चंद्र तिथे दुप्पट वेगाने पळतो. वर्णनात '30 सेकंद' असे लिहिले, की पडदा कोणताही असो, 30 सेकंदच.

खुणांच्या भाषेत वेळ कसा सांगायचा, याचा व्यवस्थित विचार झाला तो 'स्माइल' या नावाच्या मानकात. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने त्याची पहिली आवृत्ती 1998 च्या जूनमध्ये जाहीर केली. मूळ हेतू आवाज, चित्र आणि मजकूर यांचा मेळ घालण्याचा. हे नाव तुम्ही ऐकले नसेल, पण वापरले असण्याची शक्यता बरीच आहे. 2000 नंतरच्या दशकात फोनवरून चित्र आणि गाणे असलेला एमएमएस तुम्ही पाठवला असेल, तर त्याच्या पोटात कोणते चित्र किती सेकंद दाखवायचे हे सांगणारी एक छोटी स्माइल-फाइल असे. दृष्टिहीनांसाठी 'डेझी' पद्धतीची जी बोलकी पुस्तके तयार होतात, त्यांत वाचनाचा आवाज आणि पुस्तकातला परिच्छेद यांची गाठ स्माइलनेच बांधलेली असते. ऐकता ऐकता नेमक्या प्रकरणावर, नेमक्या परिच्छेदावर उडी मारता येते ती त्यामुळे. हुकमांनी लिहिलेल्या कार्यक्रमात अशी उडी सहसा मारता येत नाही. 15 व्या सेकंदाला काय होते हे पाहायला आधीचे सगळे चालवून बघावे लागते. वर्णनात तो सेकंद आधीच लिहिलेला असतो.

4 सप्टेंबर 2001 या एकाच दिवशी एसव्हीजीची पहिली आवृत्ती आणि स्माइलचा हालचालीपुरता भाग ही दोन्ही मानके म्हणून जाहीर झाली. एसव्हीजी म्हणजे ठिपक्यांऐवजी रेघा आणि आकार यांच्या वर्णनातून उभे राहणारे चित्र, कितीही मोठे केले तरी न फाटणारे. स्माइलने त्याला वेळ दिला. यातली मला सर्वांत आवडणारी सोय म्हणजे घटनांची घटनांशी गाठ. 'हे संपल्यावर एका सेकंदाने ते सुरू होईल', 'सूर्यावर टिचकी मारली की चंद्र निघेल', असे लिहिता येते. पहिल्याची लांबी बदलली की दुसरा आपोआप मागेपुढे सरकतो.

माझ्या त्या चंद्राला मी आधी एक जादा शब्द लावला होता, ज्याने वाटेवरून जाणारी वस्तू वळणाबरोबर वळत जाते. मोटारीच्या चित्राला तो हवाच, नाही तर मोटार घाटात आडवी चालेल. पण चंद्राची पांढरी बाजू सूर्याकडे तोंड करून राहायला हवी आणि ती चंद्राबरोबर गोल फिरू लागली. अमावास्या, पौर्णिमा सगळ्यांचा घोटाळा. तो एक शब्द खोडला आणि चंद्र शहाण्यासारखा वागू लागला. स्क्रिप्टमध्ये अशी चूक शोधायला मला एक संध्याकाळ लागली असती.

इतके चांगले असून ते चालले का नाही? त्याचे उत्तर तंत्रात कमी आणि ब्राउझर-कंपन्यांच्या मनात जास्त आहे. फायरफॉक्सने 2005 च्या नोव्हेंबरात एसव्हीजी दाखवायला सुरुवात केली, पण चित्र गोठलेले. हालचाल यायला 2011 उजाडले. ऑपेराकडे ती आधीपासून होती, पण ऑपेरा वापरणारे थोडे. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररने 2011 साली एसव्हीजी घेतले, हालचाल घेतली नाही, आणि पुढेही कधी घेतली नाही. अ‍ॅडोबीने फ्लॅशची मालक मॅक्रोमीडिया 2005 साली विकत घेतली आणि 2009 च्या आरंभी आपल्या एसव्हीजी-दर्शकाचा पाठिंबा थांबवला. म्हणजे बाजारात बहुसंख्य लोकांच्या हातात जो ब्राउझर, त्यात चंद्र थांबलेला. अशा वेळी कोणता शहाणा माणूस वर्णनाच्या पद्धतीवर काम करील? मीही नाही केले. स्क्रिप्ट मात्र सगळीकडे चाले. कुठे कमी-जास्त, पण चाले.

मधल्या काळात वर्णनाचीच एक दुसरी शाखा पुढे आली. पानाची सजावट ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये अ‍ॅपलच्या सफारी-गटाने 2007 ते 2009 या काळात हालचाल घातली आणि 2012 पर्यंत ती सर्व मोठ्या ब्राउझरांत पोचली. ही पद्धतही हुकमाची नाही, वर्णनाचीच. तिचा एक मोठा गुण आहे. एखादी वस्तू सरकवणे किंवा विरळ करणे एवढेच काम असेल, तर ब्राउझर ते आगाऊ समजून घेतो आणि पडदा रंगवणाऱ्या वेगळ्या यंत्रणेकडे सोपवून देतो. मग पानावर स्क्रिप्टची कितीही धावपळ चालली असली, तरी ती हालचाल अडखळत नाही. स्वस्त फोनवर हा फरक डोळ्यांना दिसतो. उणेही आहे. 'हे संपल्यावर ते' असे सीएसएसमध्ये सरळ म्हणता येत नाही. किती सेकंद थांबायचे ते आपण बेरीज करून लिहायचे, आणि एक आकडा बदलला की सगळ्या बेरजा नव्याने. स्माइलची शाळा शिकलेल्या माणसाला हे मागे गेल्यासारखे वाटते.

2015 च्या एप्रिलमध्ये गूगलने जाहीर केले, की क्रोममधून स्माइलची हालचाल हळूहळू काढून टाकण्याचा इरादा आहे. सीएसएस आहे, स्क्रिप्टची नवी सोय येते आहे, तिसरे कशाला, असे त्यांचे म्हणणे. पण स्माइलच्या हालचाली असलेली चित्रे तोपर्यंत हजारो ठिकाणी पोचली होती. त्यातली अनेक अशा जागी होती, जिथे स्क्रिप्ट चालूच शकत नाही. पानात चित्र म्हणून घातलेल्या एसव्हीजीत ब्राउझर स्क्रिप्ट चालवत नाही. विकिपीडियाच्या चित्रभांडारातही स्क्रिप्ट असलेली फाइल घेतली जात नाही. हे धोरण योग्यच आहे. अनोळखी माणसाने दिलेल्या चित्रात हुकूम असतील, तर ते कोणासाठी आहेत कोण जाणे. अलीकडे तर ईमेलला जोडलेल्या एसव्हीजीत स्क्रिप्ट दडवून लोकांना खोट्या पानावर नेण्याचे प्रकार झाले आहेत. वर्णनातूनही काही धोका नसतोच असे नाही, संशोधकांनी तेही दाखवले आहे, पण त्याचा आवाका लहान. असो. लोकांचा प्रतिसाद पाहून 2016 च्या ऑगस्टमध्ये गूगलने तो इरादा स्थगित केला. पुढे 2020 च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरने आतले यंत्र बदलून क्रोमचेच घेतले, आणि ज्या कंपनीने इतकी वर्षे एसव्हीजीतल्या स्माइलला दार उघडले नाही, तिच्या घरात ते मागच्या दाराने आले. माझा चंद्र 2021 साली फिरला तो या सगळ्या योगायोगांच्या जोरावर. मी दूरदृष्टीने वगैरे काही केले नव्हते.

एक गोष्ट वर्णनवाल्यांनीही मान्य करायला हवी. हलणारी वस्तू सगळ्यांना सोसतेच असे नाही. 16 डिसेंबर 1997 ला जपानमध्ये 'पोकेमॉन'च्या एका भागातल्या लाल-निळ्या झगमगाटाने सुमारे 685 मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते. ते दूरचित्रवाणीवर घडले, पण वेबने त्याचा धडा घेतला. 2008 च्या सुगम्यतेच्या नियमांत म्हटले आहे, की काहीही सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लकाकू नये, आणि आपणहून सुरू होऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त चालणारी हालचाल थांबवण्याची सोय असावी. आज फोनमध्ये 'हालचाल कमी करा' अशी एक निवड असते. ज्यांना भोवळ येते, मळमळते, ते ती लावून ठेवतात. सीएसएसमध्ये एका अटीने तिचा मान राखता येतो. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने आठवण ठेवली तर ठेवली. आणि माझ्या लाडक्या स्माइलला त्या निवडीची आपणहून दखल घेता येत नाही. 

तर सरांकडे मी ती 4 किलोबाइटची फाइल पाठवली. चंद्र फिरला, सर खूश. आठवड्याने पुन्हा फोन. सातवीतल्या एका मुलीने विचारले होते, ''सर, मी जन्मले त्या दिवशी चंद्र कुठं होता?''

इथे वर्णन संपते. ती मुलगी कोणती तारीख घालणार, हे मला चित्र काढताना ठाऊक असणे शक्य नाही. जे आधी माहीत आहे त्याचेच वर्णन करता येते. जे समोरचा माणूस आयत्या वेळी सांगणार, जे मोजून काढावे लागणार, त्याला स्क्रिप्टच हवी. पावसाचे आजचे आकडे नकाशावर मांडायचे असोत, नाही तर चेंडूच्या टप्प्यावरून फलंदाजाला पळवणारा खेळ असो. तिथे वर्णनाचा हट्ट धरणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या खुणांची भाषा वाढत वाढत इतकी गुंतागुंतीची होते, की ती शेवटी वाईट स्क्रिप्टच बनते. उलट बाजूचा हट्टही पाहिला आहे. एक बटण उजळण्यासाठी पानावर शेकडो किलोबाइटची स्क्रिप्ट उतरवायची, आणि बिल फोनवाल्याने भरायचे.

मी आधी सगळा चंद्र नव्याने स्क्रिप्टमध्ये लिहायला बसले. साइन, कोसाइन, सगळे. दोन पाने लिहून झाली आणि लक्षात आले, की आपण तक्ता फाडून टाकून निवेदकाला सगळे तोंडपाठ करायला लावतो आहोत. वर्णन तर तयारच होते. फक्त त्याचे घड्याळ हलवायचे होते. एसव्हीजीत तशी सोय आहे: स्क्रिप्टने चित्राला सांगायचे, तुझे घड्याळ अमुक सेकंदावर ने, आणि मग, आता थांब.

सेकंद कोणता, एवढाच हिशोब राहिला. 2000 सालच्या 6 जानेवारीला अमावास्या होती. तिथपासून मुलीच्या जन्मतारखेपर्यंतचे दिवस मोजायचे, त्यांना 29.53 ने भागायचे. पूर्ण फेऱ्या सोडून द्यायच्या आणि उरलेल्या अपूर्णांकाला 30 ने गुणायचे. पंचांगकर्त्यांना हा हिशोब कच्चा वाटेल आणि तो आहेच. चंद्र वाटेत कुठे जलद, कुठे सावकाश चालतो, त्यामुळे अर्ध्या-पाऊण दिवसाची चूक पडू शकते. पण चित्रात ती दिसत नाही. स्क्रिप्ट झाली दहा-बारा ओळींची. 2004 सालच्या वर्णनातली एकही ओळ बदलावी लागली नाही. शिवाय त्यातला 'पौर्णिमा' हा शब्द युनिकोडमध्ये टाइप केलेला असल्यामुळे सरांनी त्याच्याखाली मुलांच्या सोयीसाठी 'पुनव' असे स्वतःच लिहून घेतले. साध्या नोटपॅडमध्ये फाइल उघडून. मला विचारलेसुद्धा नाही, आणि याचा मला फार आनंद झाला.

त्या मुलीने तारीख घातली. चंद्र निघाला आणि तेराव्या सेकंदाच्या थोडा पुढे जाऊन उभा राहिला. सर सांगत होते, ती म्हणाली, ''बरोबर आहे. आई म्हणते, त्या रात्री लख्ख चांदणं होतं.'' मग सगळ्या वर्गाने आपापल्या तारखा घातल्या, आणि तास संपल्यावरही कोणी उठेना.

आता सरांनी ग्रहणाचे चित्र मागितले आहे. चंद्राची वाट पृथ्वीच्या वाटेला सुमारे 5 अंशांनी कललेली असते, म्हणून दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही. हे कागदावर सपाट चित्रात कसे दाखवायचे, यावर माझे घोडे अडले आहे. त्यातले वर्णन किती आणि हुकूम किती, तेही अजून ठरलेले नाही.